येळवसीचा डबा

थँक्सगिव्हिंग उद्यावर आलंय. माझ्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर अठरा नावं आहेत आणि अठराही नावांपुढे आता बरोबरची खूण आहे. या अठरा जणांना मी पाई विकली. पाई म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. सफरचंदाची, लाल भोपळ्याची, रताळ्याची, नाहीतर पिकान नावाच्या अक्रोडासारख्या फळाची. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, इथं अमेरिकेत घरोघर मोठं जेवण असतं. आपल्याकडे पोळ्याला पुरणपोळी हवीच, तशी इथं त्या जेवणाला पाई हवीच.

मी पाई भाजत नाही, नुसती विकते. बॉस्टनमध्ये 'कम्युनिटी सर्विंग्ज' नावाची संस्था आहे. १९९० साली रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर या वस्त्यांमधल्या ३० एड्सग्रस्तांना रात्रीचं जेवण पोचवून तिनं काम सुरू केलं. आज कॅन्सर, किडनी, हृदयविकार, मधुमेह अशा मोठ्या दुखण्यांनी घरात अडकलेल्या माणसांना ती त्यांच्या पथ्याचं जेवण घरपोच देते. थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर तिची 'पाई इन द स्काय' नावाची विक्री असते. शहरातली हॉटेलं, बेकऱ्या, नावाजलेले शेफ पाई फुकट भाजून देतात. माझ्यासारखे लोक ऑफिसात, शेजारी, मुलांच्या शाळेत त्या विकतात. गिऱ्हाईक सणाच्या आदल्या दिवशी ठरलेल्या जागेवरून आपलं खोकं घेऊन जातं आणि पैसा रुग्णांच्या जेवणाला लागतो.

हे मी इतक्या जीव लावून का करते, ते सांगायला लातूरला यावं लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं. उपचार सरकारी योजनेतून व्हायचे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एका वर्षी येळवस नेमकी अण्णांच्या डायलिसिसच्या वारी आली.

लातूर-धाराशिवच्या लोकांना येळवस सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खा गाव शेतात असतो. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची आणि मग जो येईल त्याला जेवू घालायचं. ओळखीचा असो की वाटेनं चाललेला. शहरातली दुकानं बंद, रस्ते सामसूम, सगळं लातूर कुणाच्या ना कुणाच्या वावरात.

आणि रुग्णालयात अण्णा. मशीनवरून उतरले तेव्हा दोन वाजून गेले होते. डायलिसिस झालं की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. ओठ कोरडे, हातपाय गार आणि पोटात आग. "काहीतरी खायला बघ," म्हणाले. मी बाहेर पडले. समोरची खाणावळ बंद, कोपऱ्यावरचं पोह्यांचं हॉटेल बंद, पुढच्या चौकातही तेच. उघडं होतं ते औषधाचं दुकान. तिथून बिस्किटाचा पुडा घेऊन परत आले, तर अण्णांच्या खाटेजवळ एक मावशी उभी. अहमदपूरकडची, तिचा मुलगा शेजारच्या खाटेवर होता. तिच्या घरच्यांनी शेतातला डबा पाठवला होता आणि ती वॉर्डातल्या सगळ्यांना वाढत सुटली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील.

"घ्या की दादा, येळवस हाय," म्हणाली.

अण्णांचा हात पुढे गेला आणि मी तो धरला. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, पाच-सात पालेभाज्या, शेंगदाणे, चिंच. सगळंच्या सगळं पोटॅशियमनं भरलेलं. किडनी चालत नसली की ते रक्तात साठतं आणि जास्त झालं तर हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आंबील प्यावी, तर दिवसाचं पाणी मोजून दिलेलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्यांनी वाटी उचलली, खिडकीपाशी गेले, आंबिलीत बोटं बुडवली आणि गजातून हात बाहेर काढून खालच्या कण्हेरीवर शिंपडली. शेताला फेरी मारताना म्हणतात ते "ओलगे ओलगे सालन पलगे," एवढंच पुटपुटले. मग येऊन बिस्किटं खाल्ली. चार.

मावशीनं वाढलं त्यात तिची काही चूक नव्हती. तिनं जे केलं ते त्या दिवशी सगळं लातूर करत होतं. पण त्या सबंध दिवसात अण्णांना चालेल असं शिजवलेलं अन्न मला मिळालं नाही, हे मी विसरू शकत नाही. अण्णा त्यानंतर दीड वर्ष होते.

बॉस्टनला आल्यावर ऑफिसातल्या एका बाईनं मला पाई विकली आणि पैसे कुठे जातात ते सांगितलं. पुढच्याच शनिवारी मी ऑरेंज लाइनची मेट्रो पकडून बॉस्टनच्याच जमैका प्लेन भागात संस्थेच्या स्वयंपाकघरात मदतीला गेले. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि मला काम मिळालं डबे भरण्याचं. दहापेक्षा जास्त तऱ्हेची पथ्यं आणि त्यांच्या सरमिसळी. एखाद्याला मधुमेहही आहे आणि किडनीही गेलीय, तर त्याचा डबा वेगळा. चावता येत नाही त्याचा वेगळा. माझ्या पुढ्यात किडनीवाल्यांची रांग आली. पांढरा भात, कोबी, मापात कोंबडीचा तुकडा. मी डबा हातात घेऊन उभीच राहिले. शेजारच्या माणसानं विचारलं, बरं वाटत नाही का?

तिथंच मला पहिल्यांदा कळलं की डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं कमी नाही, उलट जास्त लागतात, कारण मशीन तीही थोडी ओढून नेतं. आणि बटाटा अगदी बंदच करायला नको. सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. आम्ही दोन वर्षं अण्णांना 'हलकं खा' म्हणून पातळ खिचडी घालत होतो. आई अंडं घरात आणत नव्हती. अंड्याचा पांढरा भाग चालला असता, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलंच नाही.

विकल्या जाणाऱ्या भोपळ्याच्या पाईत पोटॅशियम भरपूर असतं. म्हणजे किडनीच्या रुग्णाला ती चालत नाही. धडधाकट माणसं आपल्या सणाला ती खातात आणि तिच्या किमतीतून त्या रुग्णाला सोसेल असं जेवण शिजतं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

याचा उपयोग किती? मॅसॅच्युसेट्समधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१९ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला. या संस्थेचं पथ्याचं जेवण मिळणाऱ्यांना, तशाच पण ते न मिळणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत, रुग्णालयात भरती होण्याची वेळ जवळपास निम्म्यानं कमी आली. उपचारांचा खर्चही सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे क्षयरोगात सरकारनं हे मान्य केलंच आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. शिवाय २०२२ पासून कुणालाही निक्षय मित्र होऊन रुग्णाच्या घरी शिधा पोचवता येतो. किडनीच्या, कॅन्सरच्या रुग्णाला मात्र घरच्यांच्या डब्यावरच भागवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला इथं येऊन कळली आणि फार जवळची वाटली. न्यूयॉर्कमध्ये असंच काम करणारी 'गॉड्स लव्ह वी डिलिव्हर' ही संस्था १९८५ साली सुरू झाली. ती काढणाऱ्या बाईचं नाव गंगा स्टोन. एड्सनं अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाला ती शिधा द्यायला गेली, तर त्याच्या अंगात चूल पेटवण्याचीही ताकद नव्हती. दुसऱ्या खेपेला ती शिजवलेलं जेवण घेऊन गेली. तिथून सगळं सुरू झालं. ही गंगा त्याआधी आपल्या महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीला मुक्तानंदांच्या आश्रमात राहून गेलेली होती.

आता तुम्हाला माझं मागणं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या डब्यांनीही हे सुरू होईल. पुण्यात आपल्या भागातली हजारो माणसं नोकरीला आहेत. येळवसला सुट्टी नाही म्हणून घरी जाता येत नाही आणि दिवसभर जीव गावाकडे. त्यांना उंडे-भज्जीचा डबा विका. पुण्यातच आपल्या बायका करतील, हात आहे त्यांचा. किंमत चांगली लावा, लोक देतील. त्या पैशातून त्याच दिवशी लातूरच्या एका डायलिसिस केंद्रात पथ्याचे डबे जाऊ द्या. आधी तिथल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा, प्रत्येक खाटेला काय चालतं ते लिहून घ्या. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी करा. पैसा नोंदणीकृत संस्थेमार्फत पावती देऊनच घ्या. आणि रुग्णाबरोबर बसलेल्या माणसालाही एक डबा ठेवा, त्या दिवशी त्यालाही कुठं काही मिळत नाही.

माझ्या भावानं आणि वहिनीनं यंदा बारा डबे करायचे ठरवलेत. पहिल्या वर्षाचा खर्च माझा. काल व्हिडिओ कॉलवर मी वहिनीला यादी वाचून दाखवली. पांढरा भात, दोनदा उकळून पाणी काढलेली कोबी आणि दुधी, अंड्याचा पांढरा भाग, मीठ अगदी थोडं, चिंच नाही, पालेभाज्या नाहीत, शेंगदाणे नाहीत, आंबील नाही. ती वहीत लिहून घेत होती. शेवटी पेन थांबलं.

"ताई, डाळ नाही, पाला नाही, चिंच नाही. ह्याला भज्जी म्हणायचं कसं?"

मी काही बोलले नाही. ती यादीकडे बघत राहिली.

"थोडी हळद आणि लसणाची फोडणी चालंल का? वास तरी यिऊ दे येळवसचा."

आहारतज्ज्ञ बाईंना मेसेज टाकलाय. अजून उत्तर आलेलं नाही.