त्यात एवढं तपासायचं काय?

नाशिकच्या अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे. तिथे, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असताना मला एकच प्रश्न विचारला गेला आहे. "तो पांढरा प्लॅस्टिकचा शिपाई. हात दोन, पाय दोन, तोंडावर हेल्मेट. त्यात तासभर तपासायचं असतं काय? आणि वर चार पानं लिहायची?" डॉक्टरांना उत्तर देता आलं नाही, बाकीच्यांना हसून टाळलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी विज्ञानकथांतल्या चिलखती शिपायांच्या ॲक्शन फिगर जमवतो. मित्रांनी घेतलेल्याही घरी आणून बघतो आणि प्रत्येकीचं परीक्षण लिहितो. पोटासाठी बावीस वर्षं प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर स्विचच्या बॉड्या आणि गाड्यांच्या वायरिंगचे कनेक्टर हाताखालून जातात. पीस हातात आला की डोळा आधी कडेला जातो. फ्लॅश, म्हणजे कडेला जादा प्लॅस्टिक, आलाय का, प्लॅस्टिक आत शिरतं ते गेट कुठे तोडलंय, जाड जागी सिंक मार्क, म्हणजे खळगा, पडलाय का, डायच्या, म्हणजे साच्याच्या, दोन भागांची रेघ कुठून गेलीय. सहा वाजता कार्ड पंच होतं, पण हे डोळे काही कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवून येता येत नाहीत. तुमच्याकडे आलेला पाहुणा पोहे खाताना "मीठ जरा पुढे गेलंय" म्हणतो ना, तसला हा प्रकार आहे. सवय वाईट, पण जात नाही.

"म्हणजे बाहुल्याच की," असं आमच्या आत्याने एकदा भर दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. आत्याचं चूक नव्हतं. हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली अमेरिकेत जी. आय. जो आणला तेव्हा तो बारा इंची, कपडे बदलता येणारा बाहुलाच होता. पण मुलगे आणि त्यांचे वडील बाहुली घेणार नाहीत, म्हणून त्याला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरलं आणि 'ॲक्शन फिगर' हा शब्द आला. सगळा धंदा उभा आहे तो या एका लाजेवर. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हटलं?"

माझा पहिला शिपाई मात्र मातीचा होता. पंचवटीत आमच्या वाड्याच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा. विटा, पोती, चिखल, उतारावर पेरलेले आळीव, आणि बुरुजांवर बाजारातून आणलेले मावळे. मावळा विकत घेताना आजोबा तो दुकानाच्या फळीवर ठेवून बोटाने हळूच टिचकी मारायचे. पडला तर परत. रंग, मिशा, तलवार हे नंतर. ती टिचकी मी आजही मारतो, फक्त आता तिला 'स्थैर्य' असं भारदस्त नाव देऊन परीक्षणात लिहितो.

पुढे फनस्कूलचे जी. आय. जो आले. हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांनी मिळून १९८७ साली काढलेली ही कंपनी. माल गोव्यात व्हायचा. पावणेचार इंची शिपाई, आणि त्याच्या पोटात एक काळं रबरी कडं. छातीचा स्क्रू आणि कमरेचा हूक यांना तेच कडं धरून ठेवायचं. दहा-पंधरा वर्षांत ते वाळून तुटतं आणि शिपायाचे दोन तुकडे हातात येतात. माझा तुटला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. सातपूरला हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात जाऊन त्याच मापाची ओ-रिंग मागितली. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या मशीनची?" मी म्हटलं, "छोटं मशीन आहे." शिपाई जोडला गेला आणि त्या दिवसापासून मी या गोष्टींकडे खेळणं म्हणून बघायचं थांबलो. त्याची जुळणी बघू लागलो.

आता मूळ मुद्दा. चिलखतीच का? तर चेहरा असलेल्या फिगरमध्ये सगळं चेहऱ्यावर खपून जातं. नटाची जिवणी हुबेहूब जमली की घेणारा इतका खूश होतो की गुडघ्याची पिन वेगळ्या रंगाची आहे हे त्याला दिसतही नाही. हेल्मेट घातलेल्या शिपायाला ही सवलत नाही. त्याच्याकडे दाखवायला आहे ते फक्त काम. शिवाय चिलखत म्हटलं की घट्टपणा आणि हालचाल यांचं भांडण आलंच. आपल्याकडच्या जिरेबख्तरात हे भांडण कड्यांनी मिटवलं होतं. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंतवलेल्या, वाकलात की त्याही वाकणार. पत्रे फक्त छाती-पाठीवर. विज्ञानकथांच्या चित्रकारांनी कड्या काढून टाकल्या आणि सगळे पत्रेच ठेवले, कारण पडद्यावर पत्रे चांगले दिसतात. आता हा शिपाई बंदूक कशी उचलणार, हा प्रश्न त्यांनी सोडवलाच नाही. तो येऊन पडतो खेळणं करणाऱ्या डायमेकरच्या टेबलावर.

त्यामुळे मी पहिला खांदा बघतो. तासातला निम्मा वेळ खांद्यालाच जातो. वाईट कामात खांद्याची ढाल दंडाला चिकटवलेली असते. हात वर केला की ढाल हेल्मेटवर आपटते आणि हात तिथेच अडतो. त्याहून वाईट काम म्हणजे ढाल पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकची करून "दाबली की वाकते" असं समाधान. वाकते खरी, पण दोन महिन्यांनी तिच्या कडेवर पांढरी सुरकुती पडते. चांगल्या कामात ढाल दंडाला जोडलेलीच नसते. छातीच्या आतून एक छोटी बिजागरी येते, ढाल तिच्यावर बसते. हात खालून मोकळा फिरतो आणि ढाल आपली आपण वर सरकते. १९८७ साली सुरू झालेल्या वॉरहॅमर ४०,००० या ब्रिटिश टेबलावरच्या खेळातले शिपाई तर खांद्यांसाठीच ओळखले जातात, एकेक ढाल डोक्याहून मोठी. ज्याने तो शिपाई हात वर करू शकेल असा बनवला, त्याला मी रंगाच्या चार चुका माफ करतो.

खांदा बघायचा कसा, हे मात्र मला कारखान्याने शिकवलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक सुभेदार काका राहतात, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. एकदा गॅसच्या सिलिंडरच्या निमित्ताने वर आले, तेव्हा टेबलावर १९७७ च्या स्टार वॉर्समधला पांढरा शिपाई, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, सहा इंची, उघडा पडला होता. काकांनी शिपायाकडे बघितलंही नाही. त्याची बंदूक चिमटीत धरली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "ही तर आमची कार्बाईन!"

मला वाटलं गंमत करतायत. पण काकांचं बरोबर होतं. सिनेमावाल्यांनी त्या अंतराळातल्या बंदुकीसाठी ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन घेतली होती आणि तिच्यावर दुर्बीण वगैरे चढवली होती. तीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात परवान्यावर बनायची आणि फौजेत नऊ एमएमची कार्बाईन म्हणून चालायची. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, डाव्या अंगाला आडवं लागतं, ते त्या बोटभर खेळण्यातही डावीकडेच होतं, फक्त आखूड. काकांनी ते नखाने दाखवलं. मग शिपाई हातात घेतला, त्याचे हात वळवू लागले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "याला धरता येत नाही. डावा हात मॅगझिनवर नाही ठेवायचा, नळीच्या जाळीवर ठेवायचा. उजवं कोपर अंगाजवळ. मान थोडी उजवीकडे. हा बघ, छातीच आडवी येते याच्या."

छातीच आडवी येते. माझ्या चार पानांत जे येत नव्हतं ते काका तीन शब्दांत बोलून गेले. दोन्ही हात बंदुकीवर आणायचे तर खांदे आत यावे लागतात. माणसाचं पाठीमागचं हाड सरकतं म्हणून ते येतात. खेळण्यात त्यासाठी छातीच्या आत आणखी एक सांधा द्यावा लागतो, आणि वरची छाती एबीएस या टणक प्लॅस्टिकची असेल तर तो सांधा लपवायला जागा नसते. जागा दिली तर काखेत भोक दिसतं. कोणी भोक लपवतो आणि नेम सोडतो, कोणी नेम ठेवतो आणि भोक पत्करतो. मी दुसऱ्या पक्षाचा. समोरून सुंदर दिसणारा आणि बंदूक एका हातात लोंबकळत ठेवणारा शिपाई मला खंडेनवमीला शस्त्र पुसायला बसलेल्या माणसासारखा दिसतो. तेव्हापासून माझी मुख्य चाचणी एकच: दोन्ही हात, खांद्याला दस्ता, मान झुकलेली. नेम लागतो की नाही.

बाकीचं भराभर सांगतो. सांध्यांच्या पिना पीव्हीसीच्या असतील तर त्या पिळवटतात. पीओएमच्या, म्हणजे आमच्या भाषेत डेलरिनच्या असतील तर वर्षानुवर्षं गुळगुळीत फिरतात. नवा सांधा अडला तर जोर लावू नका, गरम पाण्यात मिनिटभर धरा. रंगात काळी रेघ खाचेतच राहिली आहे का बघा, बाहेर सांडलेली नको. घोटा आडवा झुकतो का बघा, नाहीतर पाय फाकवून उभा केला की शिपाई पावलांच्या कडांवर उभा राहतो.

पांढऱ्या शिपायाबद्दल एक गोष्ट मात्र घाईत उरकता येत नाही. सिनेमातलं ते चिलखत मुळात प्लॅस्टिकचंच होतं. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढायचा, खालून हवा खेचायची, झालं चिलखत. व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात, मिठाईच्या खोक्यातला ट्रे असाच होतो. म्हणजे माझ्या टेबलावर जे आहे ते लोखंडाची नक्कल करणाऱ्या प्लॅस्टिकची प्लॅस्टिकमधली नक्कल. मूळ हेल्मेट बनवणारा कारागीर पुढे तीच हेल्मेटं विकू लागला, तेव्हा सिनेमा कंपनी कोर्टात गेली. हेल्मेट हे शिल्प आहे का, असा प्रश्न २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. शिल्प असतं तर कंपनीचा कॉपीराइटचा हक्क दीर्घकाळ टिकला असता. न्यायालयाने सांगितलं, हे शिल्प नाही. सिनेमा बनवण्याच्या कामात वापरलेली ती उपयोगाची वस्तू आहे. जमवणारे पुष्कळ मित्र त्यावर हळहळले. मला निकाल आवडला. आयुष्यभर मी उपयोगाच्याच वस्तू तपासल्या आहेत, आणि त्यात कमीपणा आहे असं मला कधी वाटलं नाही.

नाशिकमध्ये राहून हा छंद करायचा तर हवामानाचंही परीक्षण करावं लागतं. माझं कपाट आधी पश्चिमेच्या भिंतीला होतं. एप्रिल-मे गेला आणि जूनमध्ये बघतो तर मागच्या ओळीतले चौघे पुढे झुकलेले, काळारामाच्या देवळात रांगेत उभे असल्यासारखे. मऊ पीव्हीसीचे पाय उन्हाळ्यात आणखी मऊ होतात आणि वरच्या जड छातीचं वजन त्यांना सोसत नाही. चौघांना गरम पाण्यात घालून सरळ केलं, लगेच गार पाण्यात बुडवलं, आणि कपाट आतल्या खोलीत नेलं. पांढऱ्यांना उन्हाची आणखी एक भीती, ते पिवळे पडतात. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी येते. खोकं जपून ठेवणाऱ्यांच्या गटात मी नाही, त्यामुळे त्या दुःखात सहभागी नाही.

आणि हो, महाग म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढा. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठावर गेलं, २०२३ मध्ये सत्तरावर; तेव्हा परदेशी शिपायाच्या किमतीत शिपाई किती आणि शुल्क किती हे वेगळं काढावं लागे. मेन रोडला एका हातगाडीवर मी दीडशे रुपयांचा नकली शिपाई घेतला होता. वास उग्र, हेल्मेटचे डोळे तिरळे, डायची रेघ नाकावरून थेट पोटापर्यंत. पण आजोबांची टिचकी मारली तर हलला नाही. त्याच आठवड्यात आलेला, त्याच्या वीसपट किमतीचा शिपाई टिचकीशिवायच पंख्याच्या वाऱ्याने पडला होता. दोघांचं परीक्षण मी एकाच पानावर लिहिलं. महागडा पाठवणाऱ्या मित्राने पंधरा दिवस फोन केला नाही.

सुभेदार काका आता महिन्यातून एकदा वर येतात, सिलिंडर नसला तरी. मी नवा आलेला शिपाई त्यांच्यापुढे ठेवतो, ते नेम धरून बघतात आणि मान हलवतात, होकारार्थी कमी, नकारार्थी जास्त. मागच्या खेपेला एकाचा नेम पहिल्याच झटक्यात लागला. काका खूश झाले. चहा आला. त्यांनी शिपायाला बशीच्या कडेवर टेकवायचा प्रयत्न केला, कंबर वाकवली, मांडीचा पत्रा पोटाखालच्या पट्टीवर अडला. पुन्हा वाकवली. तो आडवा पडला.

"आठ तासांची ड्यूटी झाली की हा बसतो कुठे?" काकांनी विचारलं.

मला सांगता येईना. ते गेल्यावर कपाट उघडलं आणि सगळे एकेक करून आगपेटीवर बसवून पाहिले. एकतीस शिपाई आहेत. बसले चार.

आता माझ्या परीक्षणात शेवटून दुसरी ओळ 'बसतो का' ही असते.