तुम्ही विचारलंत म्हणून : पेठेची पोरं एका टीममध्ये का नाहीत?

"आमच्या पेठेची पोरं एकत्रच ठेवा की, कशाला फोडता?" लहान पोरांच्या फुटबॉल सरावाला दर रविवारी कुंपणाबाहेरून कोणीतरी पालक विचारतंच. एकदाचं सांगतो.

कोल्हापुरात सात वर्षांच्या पोराला बुटाची नाडी बांधता येत नसते, पण शाहू स्टेडियमवर कोणत्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी ओरडायचं ते पक्कं ठाऊक असतं. तो अभिमान मला मोडायचा नाही. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. पलीकडच्या पेठेतला, घरी कन्नड बोलणारा, जाड चष्म्याचा, किंवा मुलगी असली तर पास जात नाही. भाषण देऊन ही खोड सुटत नाही.

म्हणून आमच्याकडं कॅप्टन टीम निवडत नाहीत. तसं केलं की सगळ्यात शेवटी उरलेलं पोर मातीत बूट घासत उभं राहतं आणि पुढं तासभर चेंडूजवळ फिरकत नाही. त्याऐवजी पिशवीत दोन रंगांची बिब (शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) असतात, न बघता हात घालायचा. ४ विरुद्ध ४, साधारण ३० बाय २० मीटर, ३ नंबरचा लहान चेंडू, ६ मिनिटांचा डाव, मग पुन्हा पिशवी. चौघांत कुणाला लपायला जागा नसते. पास देताना नाव घ्यायचं. "ए चष्मा" म्हटलं की चेंडू समोरच्यांचा.

आता मुलींचा नियम. तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात ते यावरच. १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वयंगोल (स्वतःच्याच संघावर गोल) झाला आणि काही दिवसांतच मेडेयिनमध्ये त्याचा खून झाला. पुढं त्याच शहरात वस्तीतल्या पोरांसाठी वेगळं फुटबॉल सुरू झालं : पंच नाही, आधी चर्चा, मग मॅच, मग पुन्हा चर्चा. आणि मुलीनं पहिला गोल केल्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत.

तो नियम इथं जसाच्या तसा लावला. पहिल्याच डावात पोरांनी एका मुलीला गोलसमोर नेऊन उभं केलं. "तू हलू नको, आम्ही आणून देतो." चेंडू आला, तिच्या नडगीला लागून बाहेर गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिच्याच टीममधला एकजण ओरडला, "हिच्यामुळं आमचे गोल धरत नाहीत!" तिनं बिब काढलं, त्याची नीट चार पदरी घडी घातली, मैदानाच्या खुणेच्या कोनावर ठेवली आणि आईशेजारी जाऊन बसली.

तेव्हा वाटलं, पोरगा चुकला. पण तो खोटं कुठं बोलत होता? सगळ्यांचा स्कोअर आम्हीच तिच्या एकटीच्या पायात अडकवून ठेवला होता.

आता गोल धरायचा तर आधी चौघांनीही चेंडू खेळलेला हवा. यातही पळवाट निघाली : पोरं चेंडू कुणाच्या तरी पायावर आपटून परत घ्यायची. म्हणून चेंडू थांबवायचा, मान वर करायची, मगच पास, असं ठरवलं. खेळ मंदावतो, चांगली खेळणारी वैतागतात, हे मान्य. पण पोरं मागं पडतात हे मान्य नाही. मान वर करून मैदान बघायची सवय यातूनच लागते.

मॅचनंतर ३ मिनिटं रिंगण करून बसतो. या वयाची पोरं त्याहून जास्त टिकत नाहीत. विचारायचं एवढंच, "पास मागूनही कुणाला मिळाला नाही?" "कोण चुकलं?" विचारलं की बोटं सुटतात आणि भांडण लागतं.

तरी एक गोष्ट मला टोचते. मुलींचा नियम काढल्यापासून त्यांना पास मिळतात, पण गोल मारायला त्या पुढं जात नाहीत. प्रत्येक टीममध्ये दोघी असत्या तर मेडेयिनचा नियम परत लावून बघितला असता. सध्या १६ पोरांत मुली तीनच आहेत. तुमच्या घरी धाकटी असेल तर रविवारी तिलाही घेऊन या.