खोडा

"ह्याचं हे असंच असतंय बघा. काम सुरू व्हायच्या आधीच खोडा."

मालक हसत बोलले. निपाणीचं गिऱ्हाईक समोर बसलेलं, तेही हसलं. एवढंच. मग चहा आला, बोलणं उसाच्या बिलावर गेलं, आणि मी परत माझ्या टेबलावर. आता रात्रीचे अकरा वाजत आले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि मी अजून त्या एका शब्दाशी खेळत बसलोय.

खरं तर अडवलं कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं. आम्ही शेतातले पंप चालवणाऱ्या पेट्या बनवतो. त्यातली जुनी ईएसपी३२ चिप परवडत नाही म्हणून नवा बोर्ड तिच्याच धाकट्या भावंडावर, सी३ वर काढला. पेटी तीच, पंपाचा स्टार्टर तोच, प्रोग्रामही तोच, त्यामुळं "नुसती चिप तर बदलायची" असं सगळे धरून चाललेले. प्रोग्राम तयार करायला बिल्ड मारला, आणि आधी आडवी आली ती ब्लूटूथ सिरीयलची लायब्ररी. सी३ ला जुनं क्लासिक ब्लूटूथ नाहीच, फक्त कमी वीज खाणारं बीएलई आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यानंच तिथं हॅश-एरर, म्हणजे बिल्ड तिथंच थांबवणारी ओळ, घालून ठेवलाय, की हे ईएसपी३२ सोडून दुसरीकडं चालणार नाही. तो कोण कुठला परदेशातला माणूस. त्याच्या ओळीला कुणी खोडा म्हटलं नाही. तेवढा भाग बाजूला काढल्यावर पुढं माझी ओळ लागली, स्टॅटिक असर्ट: अट जुळली नाही तर बिल्डच होऊ द्यायचा नाही. पंप चालू-बंद करणारा रिले २६ नंबरच्या पिनवर लिहिलेला, आणि सी३ ला पिना ० ते २१. सव्वीस नाहीच मुळी.

ती ओळ नसती तर काय झालं असतं? काहीच नाही. तीच तर गंमत. कंपायलरच्या लेखी २६ हा निव्वळ आकडा. आउटपुट म्हणा, हाय करा, लो करा, त्याची तक्रार नाही. बिल्ड झाला, अपलोड झालं, बोर्डावरचा दिवा लागला, आणि रिले ढिम्म. जुन्या चिपवरही हीच रड. तिथं ३४ ते ३९ ह्या पिना फक्त इनपुटच्या. त्यांच्यावर रिले जोडून आउटपुट लिहिलं तरी प्रोग्राम मुकाट तयार होतो. चालताना एखादा एरर छापलाच तर तो सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर. येळ्ळूरच्या शिवारात, बांधावरच्या पेटीला मॉनिटर लावून कोण बसलंय? थ्री फेज येणार रात्री, पंप उठणार नाही, आणि फोन वाजणार पहाटे.

तसे फोन आमच्यातला रवी घेतो. मागं असाच उचगावला गेला, रात्री, गाडीवरून, धो धो पावसात. शेतकऱ्यानं छत्री धरली, ह्यानं पेटीच्या झाकणावर लॅपटॉप ठेवून पिन बदलली, परत अपलोड केलं, पंप सुरू. येताना पिशवीभर वांगी घेऊन आला. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. थोपटावीच, काम सोपं नव्हतं. पण तो बोर्ड तसा बाहेर पडलाच कसा, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाचं नाव आलं असतं ते... असू दे.

मला वांगी नकोत. पाठ थोपटणंही नको, असं मी म्हणतो खरा. मग खोडा म्हटल्यावर इतकं का लागावं? जो पंप बंद पडलाच नाही, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, हे काय मला आज कळलं? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू लहानपणीबी असाच होतास की. राकसकोपला निघायच्या आधी ढग दाखवायचास." म्हणजे घरातही तेच. दादाचाही फोन येऊन गेला, पुण्याचं काय ठरवलंस म्हणून. ते आज नको.

मालकांचं एक वेळ सोडा. संध्याकाळी सम्याचे बदल बघितले. माझ्या असर्टच्या आधी दोन स्लॅश, म्हणजे कंपायलर ती ओळ वाचणारच नाही, आणि कमिटमध्ये, बदलाच्या नोंदीत, लिहिलेलं, "बिल्ड फिक्स". हे जास्त झोंबलं. पोरगं हुशार आहे, शिकायला माझ्यापाशीच बसतं. गिऱ्हाईक जायच्या आत बिल्ड व्हायला पाहिजे होता, त्यानं केला. ओळ पुसली नाही, नुसती झोपवली. त्यातल्या त्यात तेवढा मान.

राग निवल्यावर दुसरी बाजूही दिसायला लागली. सगळंच काही आधी पकडता येत नाही. त्याच बोर्डाच्या काही लॉटमध्ये डीएस३२३१ हे घड्याळ बसवलंय, काहींत खर्च वाचवायला जागा मोकळी सोडलीय. प्रोग्राम दोन्हीकडं एकच जातो. कंपायलरला काय माहीत कुठल्या बोर्डावर घड्याळ आहे? तिथं पॉवर आल्यावर आयटूसी ह्या दोन तारांच्या जोडणीवर हेक्स ६८ ह्या पत्त्याला हाक मारायची. ओ आली तर टायमरचा मेनू दाखवायचा, नाही आली तर डिस्प्लेवर सरळ "घड्याळ नाही". चालताना विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पुढं जाण्यात आहे. कॉम्प्युटरवरही तेच. २०१८ मध्ये मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लो १.६ पासून तयार मिळणाऱ्या बिल्डमध्ये एव्हीएक्स, म्हणजे जुन्या प्रोसेसरांना न येणाऱ्या काही खास सूचना, गृहीत धरायला लागले, आणि ऑफिसातल्या जुन्या डब्यावर सम्यानं ते चालवलं तर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" एवढे दोन शब्द टाकून प्रोग्राम गायब. का, कशानं, काही नाही. बांधणाऱ्यानं आपल्या मशीनवर बांधलं, चालवणाऱ्याचं मशीन त्यानं बघितलेलंच नाही.

आणि विचारून तरी दरवेळी भागतं का? इंटेलनं २०२१ मध्ये अल्डर लेक प्रोसेसर काढला. त्याच्या आत काम करणारे भाग, कोअर, दोन तऱ्हेचे: मोठ्या कोअरना एव्हीएक्स-५१२, एव्हीएक्सचाच पुढचा अवतार, येत होतं, लहान कोअरना नाही. प्रोग्रामनं मोठ्याला विचारावं, तो हो म्हणणार, आणि पुढच्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमनं काम लहान कोअरवर ढकललं तर? शेवटी इंटेलनं ते सगळ्यांसाठीच बंद करून टाकलं. एवढ्या मोठ्या कंपनीनंसुद्धा खोडाच घातला म्हणायचा. हे वाचून मला उगाचच बरं वाटतं.

म्हणजे रवीही लागणार आणि मीही. तो रात्री उचगावला जाणार, मी दुपारी गिऱ्हाइकासमोर नाही म्हणणार. त्याला वांगी मिळतात एवढाच फरक, आणि वांगी मला तशीही पचत नाहीत.

आत्ता घरूनच सम्याचे स्लॅश काढले. असर्टचा मेसेज नुसता "इनव्हॅलिड पिन" होता, तो बदलला: "सी३ ला २६ नंबरची पिन नाही. रिले १० वर घ्या. ह्या ओळीला स्लॅश देणाऱ्यानं उचगावला स्वतः जायचं."

सम्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "सर, पेट्रोल कोण घालणार?"