खंड्याच्या लेखी मी

मंगळवार, रात्री उशिरा

आज आमचा कुत्रा खंड्या मला बघून उठून गेला.

एवढंच झालं. कागदावर उतरवल्यावर तर अजूनच फुसकं वाटतंय. मी खोलीत आले, त्यानं गादीवरून मान उचलली, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तीन पायांवर, चौथा जेमतेम टेकवत, थेट बाबांच्या खुर्चीमागे गेला. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला भोंगा खुर्चीच्या पायाला अडकला तरी घुसायचं थांबवेना. बाबांनी पेपर खाली न घेताच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे, असू दे." हे त्याला. मला नाही.

मी काहीच बोलले नाही. आत गेले आणि पुसलेली भांडी पुन्हा पुसली.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच्याशेजारी जमिनीवर मी झोपते. पोटाखालून टॉवेल घालून त्याला बाहेर मी नेते, कारण मागचा भार तोलून धरला नाही तर गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. गोळ्यांच्या वेळा मी पाळते. जखम रोज उजेडात धरून मी बघते. सुरुवातीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ गुडघ्यावर धरून मीच बसायचे. बाबांनी काय केलं? "मला नाही बघवत," म्हणाले आणि पेपर उघडला. आणि आज आसरा कुणाचा घेतला? त्यांचा.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, कुत्र्यावर काय रुसतेस? रुसत नाहीये. पण तो नुसता दचकून पळाला असता तर मला इतकं लागलं नसतं. त्यानं आधी पाहिलं, मग ठरवलं, मग गेला. ते मधलं ठरवणं मला दिसलं.

लोक अजून विचारतात, "पडला का? कशाला धडकला का?" नाही हो. गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, माणसाचं बऱ्याचदा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुतेक वेळा आतल्या आत महिनोन्‌महिने विरत जातं आणि एक दिवस साधी पायरी उतरताना उरलंसुरलं सुटतं. कुत्रा उभा असतो तेव्हाही त्याचा मागचा गुडघा वाकलेलाच असतो. नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो, साधारण पंचवीस अंशांचा. पाऊल टाकलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि त्याला मुख्यतः हे लिगामेंट धरून ठेवतं. खंड्याचं ऑपरेशन टीपीएलओ नावाचं. त्यात ते लिगामेंट कुणी शिवत नाही. नडगीचा माथा गोलाकार कापतात, फिरवून उतार पाचेक अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूनं घट्ट बसवतात. उतारच उरला नाही तर घसरणार कुठे. स्लोकम नावाच्या अमेरिकी पशुवैद्यानं ही पद्धत १९९३ मध्ये मांडली. डॉक्टरांनी वहीत चित्र काढून समजावलं तेव्हा मला ती फार आवडली होती, एखादं गणित सुटल्यावर आवडतं तशी. बाबा मात्र म्हणाले होते, "म्हणजे चांगलं हाड कापणार?" त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवरून आमचं जे काय झालं आहे ते इथे नको.

सुरुवातीला घोट्याजवळ सूज उतरली. तिला घाबरू नका, पाणी वजनानं खाली येतं, असं आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. मग नडगीच्या आतल्या बाजूला मऊ फुगा आला, बोट लावलं की हलणारा. सेरोमा. कापलेल्या जागी पातळ पाणी साचतं आणि बहुतेकदा शरीरच ते हळूहळू शोषून घेतं. उगाच सुई घालून काढायला गेलं तर बाहेरचे जंतू आत जायचे. तोही जिरला. सगळ्यांना फोन करून सांगून झालं की आता उत्तम आहे. मग टाके निघाल्यावर, जखम वरून छान मिटलेली असताना, तिच्या खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं आणि त्यातून चिकट पाणी. टेकवायला लागलेला पाय त्यानं पुन्हा उचलून धरला.

त्या पाण्याचा स्वॅब कल्चरला गेला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते बघायला. अहवालात नाव आलं, स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. त्याखाली अँटिबायोटिकांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस असेल तर ते औषध जंतूवर चालतं, आर असेल तर जंतू त्याला जुमानत नाही. आर बरेच होते. तो कागद हातात घेऊन मी मनातल्या मनात गुन्हेगार शोधत होते. ऑपरेशनची खोली, आमची फरशी, कोण कोण येऊन त्याला कुरवाळून गेलं. डॉक्टर म्हणाले, हा जंतू एरवीही निरोगी कुत्र्यांच्या कातडीवर आणि नाकातोंडात राहतोच. म्हणजे खंड्याचाच भाडेकरू असण्याची शक्यता जास्त. आता रागवायचं कुणावर?

खरी गोची प्लेटची आहे. जंतू एकदा धातूवर बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराच्या आत औषध धड पोचत नाही आणि शरीराच्या पेशींचंही फारसं चालत नाही. म्हणून गोळ्या चालू आहेत तोवर पाणी थांबतं आणि बंद झाल्या की पुन्हा यायची भीती. प्लेट काढली की बहुतेकांचं हे दुखणं मिटतं. पण हाड जुळल्याशिवाय प्लेट काढता येत नाही, कारण कापून फिरवलेला माथा तिच्याच जिवावर उभा आहे. आठव्या आठवड्याचा एक्स-रे बघून काय ते ठरेल. तोवर जंतूंना नुसतं दाबून ठेवायचं. म्हणजे गोळ्या, म्हणजे पुसणं, म्हणजे भोंगा, म्हणजे मी.

गोळीचं तर काय सांगावं. खाऊत दडवून दिली की तो सगळा खाऊ चाटूनपुसून खातो आणि गोळी तेवढी स्वच्छ, कोरडी, सोफ्याखाली सापडते. मग जबडा उघडून जिभेच्या मागे ठेवायची, तोंड मिटून धरायचं, गळा चोळायचा. तो प्रतिकारही करत नाही. नुसता दुसरीकडे बघतो. बाबांचं म्हणणं, त्यांच्या दुखण्याच्या गोळीतली अर्धी देऊन बघू. मी ओरडलेच. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि किडनी निकामी करू शकते, हे त्यांना याआधीही सांगून झालंय. "मी आपलं सुचवलं," म्हणाले. सुचवणारे चांगले. जबडा उघडणारी वाईट.

त्याच्या बाजूनं बघायचा प्रयत्न केला. कुत्र्याला लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टी पटकन जोडता येतात. पण आज झोंबलं तर दोन महिन्यांनी पळता येईल, एवढी लांब साखळी त्याच्या डोक्यात बसणार नाही. जंतू त्याला दिसत नाहीत, प्लेट दिसत नाही, कल्चरचा कागद तर नाहीच नाही. दिसते ती मी आणि पाठोपाठ झोंबतं. पावलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना जेवणाची नुसती चाहूल लागली की लाळ सुटायची. आमच्याकडे मी चाहूल. हे सगळं मला नीट कळतं. कळूनही ते पाहणं जात नाही डोळ्यांसमोरून. एवढी वर्षं दारात माझी चप्पल वाजली की शेपटीनं टीपॉयवरचे कप पाडणारा प्राणी. ती आधीची दोन वर्षं, जेव्हा घरात त्याच्याशिवाय कुणीच... असो.

रोज त्याच्या मांडीवर हात फिरवते तेव्हा कळतं किती वाळली आहे. दुसऱ्या बाजूची भरीव आणि ही मऊ, पोकळ. पाय वापरला नाही की स्नायू किती भराभर जातात. हात फिरवत असताना तो मान खाली टाकून पडून राहतो. पूर्वी मला वाटायचं त्याला बरं वाटतंय. आता वाटतं, लवकर आटपू दे एकदाचं, असं म्हणत असेल.

इथवर संध्याकाळी मनातल्या मनात रचून ठेवलं होतं. नंतर जे झालं त्यानं सगळ्याचा विचका केला.

बाबांना बाम सापडेना. तो कुणीतरी, बहुधा लेकीनं, खंड्याच्या औषधांच्या डब्यात टाकला होता. डब्याला प्लास्टिकची कडी आहे, उघडताना खट्ट वाजते. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या डबा मांडीवर घेतला आणि उघडला. खट्ट. खुर्चीमागून खंड्या उठला, भोंगा भिंतीवर घासत, खुर्चीला वळसा घालून, थेट बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तेच पाहणं.

"अरे, मी आहे!" बाबा म्हणाले.

तो हलला नाही.

"मी काय केलं याला?"

मला इतका आनंद झाला की लिहायलाही लाज वाटतेय. हसू दाबायला मी तोंड फिरवलं. बाबा खरंच दुखावले होते. बाम हातात तसाच धरून किती तरी वेळ त्याला हाका मारत होते, नेहमीच्या नावानं, मग लाडाच्या नावानं, शेवटी पूर्ण नाव घेऊन, जे फक्त ओरडताना वापरायचं असतं.

म्हणजे मी नाहीच. डबा आहे. इतके दिवस मी स्वतःला खलनायिका समजत होते आणि मुख्य भूमिका एका प्लास्टिकच्या कडीला मिळालेली. जरा हिरमुसलेही, खोटं कशाला बोलू. पण दुपारी तर माझ्या हातात डबा नव्हता, मग? हातांना जखम पुसायच्या औषधाचा, क्लोरहेक्सिडिनचा वास असेल. किंवा वेळ ती असेल. किंवा मीच असेन, थोडी मी, थोडा डबा. याचं कल्चर करता येत नाही.

जेवणं झाल्यावर दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ड्रेसिंग त्याच्या गादीवर करू नका. वेगळी जागा ठरवा, रोज तीच, म्हणजे गादी त्याच्यासाठी सुरक्षित राहील. आणि अधूनमधून नुसता डबा उघडा, काहीही करू नका, खाऊ द्या आणि बंद करा. मग झोपेपर्यंत आमच्या घरात खट्ट, खाऊ, खट्ट, खाऊ. तो लांबून मान ताणून यायचा, खाऊ घ्यायचा आणि मागे जाऊन उभा राहायचा. खाऊ मान्य, बाकी अजून विचाराधीन. शेवटी शेवटी मागे जायचं अंतर कमी झालं असं मला वाटलं. बाबा म्हणाले, काही कमी झालेलं नाही. बाबांच्या मताला आज फारशी किंमत नाही.

दुसऱ्या पायाचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुढेमागे दुसरंही जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच विसरून टाकलं. विसरलेलं इथे कसं आलं कोण जाणे.

शुक्रवारी तपासणी आहे. विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवते, तिथे गेल्यावर काही सुचत नाही. चालताना परवा गुडघ्यात क्लिक ऐकू आल्यासारखं वाटलं, गुडघ्याच्या आतली ती कूर्चेची गादी फाटली असेल का. झोप आणणारी गोळी कमी करायची का. जखमेला भोक आहे तोवर पाण्यातला ट्रेडमिल नाहीच, पण घरी पाय हलवून द्यायचे व्यायाम चालू ठेवायचे का. आणि प्लेट काढली की ती घरी देतात का, हे लेकीसाठी.

झोपायला जाताना बाबा दारात थांबले. "शुक्रवारी मीही येतो गाडीतून," म्हणाले.

मी म्हटलं, "या की, बरं होईल. आत धरायला एक माणूस कमीच पडतो."

"आत तू जा. मी बाहेर थांबतो. तो बाहेर आल्यावर त्याला कुणीतरी आपलं माणूस नको का?"

या वयातही राजकारण पक्कं आहे. मी हो म्हटलं, पण येताना भोंगा तुम्ही चढवायचा या अटीवर. बाबा "बघू" म्हणाले आणि दार लावून घेतलं.