वजीर देऊन केलेली मात

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे आला तो शाळा सुटल्यानंतरचा आठवीचा रिकामा वर्ग, गणिताच्या सरांनी बाकावर उलगडलेला मेणकापडी पट आणि त्यावरचा, मुकुटाचे टोक उडालेला पांढरा वजीर. बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत वाढलेल्या मुलांना बुद्धिबळाचे वेड नवे नव्हते. पण मला त्या खेळाचे खरे मर्म कळले ते त्या संध्याकाळी.

आदल्या दिवशी आंतरशालेय स्पर्धेत माझा डाव बरोबरीत सुटला होता. काळ्याचा राजा एच-8 च्या कोपऱ्यात, शेजारचे घर सोडून एफ-8 वर त्याचा हत्ती, पुढे जी-7 आणि एच-7 वर त्याचीच दोन प्यादी, माझा घोडा एच-6 वर आणि वजीर सी-4 वर, अशी स्थिती असताना मी घोड्याच्या बदल्यात हत्ती मारला आणि त्यातच समाधान मानले. सरांनी नेमकी तीच स्थिती मांडली. "दोन खेळींत मात आहे, शोध," एवढेच म्हणून ते वह्या तपासू लागले.

वजिराची किंमत नऊ प्यादी, हे मी इतके घोकले होते की तो देण्याचा विचार मनाला शिवतच नव्हता. शिपाईमामा वर्ग बंद करायला आले, तेव्हा कुठे मी वजीर उचलून जी-8 वर, थेट राजाला खेटून ठेवला. त्याला घोड्याचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही, म्हणून हत्तीलाच मारावा लागतो. आणि हत्ती तिथे आला की राजाची उरलेली वाट बुजते, शिवाय एफ-7 वरचा त्याचा पहाराही उठतो. मग घोडा एफ-7 वर, आणि मात. राजा आपल्याच माणसांत कोंडलेला आणि शह देणारा घोडा एकटा! ही मात 1497 साली छापलेल्या, लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या बुद्धिबळावरील पुस्तकातही आहे, हे सरांनी घरी जाताना सांगितले. याहून देखणी मात मी अजून पाहिलेली नाही.

न्यूयॉर्कमध्ये 30 नोव्हेंबर 2016 रोजी, आपल्याकडे पहाट होत असताना, जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने आव्हानवीर सर्गेई कार्याकिनविरुद्धच्या जलद डावात वजीर एच-6 वर देऊन जगज्जेतेपद राखले. राजाने मारला तर एका हत्तीने मात, प्याद्याने मारला तर दुसऱ्या हत्तीने. सकाळी मी शेवटच्या खेळीआधीची स्थिती निवृत्त सरांना पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, "पांढऱ्याची खेळी." माझा चहा संपायच्या आत उत्तर आले: "वजीर एच-6."