तळहात पिवळे, डोळे पांढरे

अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. लसीकरणाच्या दिवशी बायका-पोरांची गर्दी असते, रडारड असते. त्यात थंडीतल्या एका सत्राला एक आजी रांग सोडून थेट टेबलापाशी आल्या. कडेवर नात, मागे सून.

"ताई, पोरले कावीय व्हयनी शे. आज सुई नका मारू."

पोरगी दीड वर्षाची. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्याबरोबरचं अ जीवनसत्त्व द्यायचं बाकी होतं. गळ्यात काविळीची माळ घातलेली. तळहात खरोखरच पिवळे, जरा नारिंगीकडे झुकणारे. तळपाय तसेच, नाकाचा शेंडाही तसाच. मी तिला बाहेर उन्हात नेलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळा स्वच्छ पांढरा होता. लघवीचा रंग विचारला, तर पाण्यासारखा. शी नेहमीची. काविळीत डोळे पिवळे झाल्यावाचून राहत नाहीत, म्हणून मी आईला विचारलं, "हिला खायला काय देता?"

आईनं न चुकता सगळं सांगितलं. मळ्यात गंगाफळांचा, म्हणजे लाल भोपळ्यांचा, ढीग पडलेला. गाजर-भोपळा खाल्ला की मुलांना चष्मा लागत नाही, असं तिनं मोबाइलवर ऐकलं होतं. म्हणून रोज सकाळी गंगाफळ उकडून, घोटून, वर तूप घालून. दुपारी गाजराचा रस. संध्याकाळी पपई. दोनेक महिने हाच क्रम. हात पिवळे दिसायला लागल्यावर आजींनी काविळीचं पथ्य धरलं: तूप, दूध, वरण सगळं बंद, उसाचा रस चालू. गंगाफळ मात्र हलकं म्हणून तसंच ठेवलं. पोरगी किरकिरी झाली होती आणि कार्डावर वजनाची रेघ खाली वळली होती. मला काळजी वाटली ती या पथ्याची.

गाजर, गंगाफळ, पपई, आंबा यांच्यात तयार अ जीवनसत्त्व नसतं. त्यांच्यात असतं कॅरोटीन, आणि शरीर त्यातून लागेल तेवढंच जीवनसत्त्व बनवतं. आहारातलं साधारण १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलएवढं, म्हणजे तयार अ जीवनसत्त्वाएवढं, धरतात. उरलेलं रक्तात फिरतं आणि जिथं कातडी जाड, घाम जास्त, तिथं साठून रंग दिसतो. शिजवून, घोटून, वर तूप घातलं की ते आतड्यातून आणखी चांगलं शोषलं जातं. म्हणजे आईनं न कळत अगदी पक्की कृती केली होती. यानं विषबाधा होत नाही. खाणं कमी केलं की काही आठवड्यांत-महिन्यांत रंग आपोआप उतरतो.

हे मी सांगितलं, पण आजींच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी विचारलं, "घरी दुभतं काय आहे?"

"म्हैस."

"म्हैस हिरवा चारा खाते, गायही तोच खाते. मग गायीचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का?"

आजी थांबल्या. साऱ्या आयुष्यात त्यांनी दोन्ही तुपं कढवली होती. मी सांगितलं, हिरव्या चाऱ्यातही हेच पिवळं कॅरोटीन असतं, पाल्याच्या हिरव्या रंगामागे लपलेलं. म्हैस ते जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलते, आणि त्या जीवनसत्त्वाला नावापुरताच रंग असतो. गाय थोडं न बदलता तसंच दुधात सोडते, म्हणून तिचं तूप पिवळं. तुमच्या म्हशीच्या पांढऱ्या तुपात जीवनसत्त्व भरपूर आहे आणि नातीच्या हातावर दिसतोय तो नुसता कच्चा माल. आजींनी नातीचा तळहात उलटसुलट करून पाहिला. "मंग माळ काढू?" म्हणाल्या. मी म्हटलं, माळ राहू द्या हवी तर, पण दूध-तूप-वरण आजपासून सुरू करा.

नुसत्या नजरेवर मी हे सोडणार नव्हते. थायरॉइड मंद असलं तरी कॅरोटीन नीट बदललं जात नाही आणि कातडी पिवळी दिसते. तालुक्याला पाठवून रक्त तपासून घेतलं. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन ठीक, थायरॉइडही ठीक.

रिपोर्ट सांगायला मी आणि आशाताई त्यांच्या घरी गेलो. चुलीपाशी बसून कॅरोटीन आणि तयार जीवनसत्त्व हे दोन्ही प्रकार पुन्हा समजावत होते, तेव्हा दारात उभी असलेली पोरीच्या आईची धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "मॅडम, मी पण व्हिटॅमिन ए घेते. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात ना, म्हणून." तिला दिवस गेलेले होते, तिसरा महिना लागायचा होता. नोंदणीसुद्धा झाली नव्हती. फडताळातून तिनं पाकीट आणून दिलं. एका कॅप्सूलमध्ये ५०,००० युनिट. औषध दुकानातून चिठ्ठीविना आणलेलं, दिवस राहण्याच्या आधीपासून जवळजवळ रोज चाललेलं.

माझे हात गार पडले. हे तयार रेटिनॉल. त्यातलं किती घ्यायचं, किती सोडायचं हे शरीराच्या हातात राहत नाही. येईल तेवढं शोषलं जातं आणि यकृतात साठतं. १ युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका कॅप्सूलचे १५,००० मायक्रोग्रॅम झाले. गरोदरपणात दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात, कारण पहिल्या महिन्यांत बाळाचं हृदय, चेहरा, मेंदू घडत असताना जादा रेटिनॉल व्यंग करू शकतं. ज्या रंगाला घर घाबरलं होतं तो निरुपद्रवी होता, आणि घाबरायची वस्तू फडताळात मुकाट पडून होती. असं पाकीट चिठ्ठी न पाहता, 'दिवस गेलेत का' एवढंही न विचारता हाती दिलं जातं, याचा मला आजही संताप येतो.

गोळ्या तिथेच बंद केल्या आणि त्याच दिवशी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोष दिसला नाही. ती अजून माझ्या यादीत आहे.

पण त्या दिवशी चुलीपाशी खरा प्रश्न विचारला तो पोरीच्या आईनं. "५०,००० एवढं वाईट, तर तुम्ही माझ्या पोरीला २ लाख युनिट कसं पाजणार?" प्रश्न रास्त होता आणि घाईनं उत्तर देण्यासारखा नव्हता. मी सांगितलं: नवव्या महिन्यात १ लाख, मग पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. रोज नाही. ते यकृतात साठतं आणि महिनोन्महिने थोडं थोडं वापरलं जातं. रातांधळेपणा आणि गोवरात डोळे जाणं यापासून मुलांना वाचवायला हाच हिशेब आहे. जावेचं वेगळं: डोस रोजचा, आणि पोटात बाळ घडतंय. म्हणून आमचा डोस कार्डावर लिहिल्यावाचून द्यायचा नाही आणि बाहेरून वेगळा आणायचा नाही.

पुढच्या सत्राला पोरगी आली. सुई टोचली, मग चमच्यानं अ जीवनसत्त्वाचं २ मिली औषध पाजलं, चव आवडली नाही म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. हात अजून पिवळसर होते, वजन मात्र चढलं होतं. गंगाफळ आता आठवड्यातून दोनदा, अधूनमधून मेथी आणि शेवग्याचा पाला वरणात, वर म्हशीचं तूप. आजी माळकरी, त्यामुळे अंडं घरात येणं शक्य नव्हतं. दूध-तुपावर भागेल, असं मी सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, आपल्या जळगावची केळी एवढी नावाजलेली, तिच्यात हे असतं का? नगण्य, म्हटलं. केळी द्या, पोट भरायला आणि वजन वाढायला ती चांगलीच, पण डोळ्यांसाठी पाला आणि दूध-तूप सोडू नका.