हो, दात ठेवलेत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आताशा टाळतो. मुलांचे पडलेले दुधाचे दात अजून कशाला ठेवलेत, हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारून झालाय, ऑफिसातल्यांनी विचारून झालाय, एकदा दाताच्या डॉक्टरांनीही विचारला. विचारताना सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू असतं. बायकोने ठेवले असते तर 'आईचं काळीज' म्हणून लोक गप्प बसले असते. बापाने ठेवले की काहीतरी बिनसलेलं असणार.

स्टेम सेलसाठी, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशींसाठी ठेवलेत का, असंही विचारतात. नाही. दुधाच्या दाताच्या आतल्या गरात अशा पेशी असतात हे २००३ साली संशोधकांनी दाखवलं, पण त्या मिळवायच्या तर दात पडल्या पडल्या ओला आणि थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. वर्षानुवर्षं कपाटात वाळलेल्या दातांतून काहीही मिळणार नाही. माझ्या डबीचा कुणाला काडीचा उपयोग नाही, हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे.

आणि दात साठवणारा मी काही पहिला नाही. १९५८ पासून अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आयांनी मुलांचे पडलेले दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडे पाठवले होते. अणुचाचण्यांतलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य दुधावाटे मुलांच्या हाडादातांत उतरतंय का, हे त्यांना तपासायचं होतं. बारा वर्षांत तीन लाखांच्या वर दात जमले. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळायचा. पण त्यांच्याकडे कारण होतं, माझ्याकडे नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

आमच्या घरी उंदीर यायचा. दात उशीखाली ठेवायचा, सकाळी दात गायब आणि जागेवर उंदराचं पत्र. उंदीर मी. यात माझी कल्पकता काही नाही, दात आणि उंदीर ही जोडी कितीतरी देशांत आहे. स्पेनचा राजा अल्फोन्सो तेरावा लहान असताना त्याचा दात पडला, तर त्याच्यासाठी दरबाराने उंदराची खास गोष्ट लिहवून घेतली. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, तसे आपल्या पोराचेही मजबूत यावेत, अशी त्यामागची समजूत. जपानात तर दिशाही ठरलेली. खालचा दात छपरावर फेकायचा आणि वरचा जमिनीखाली, म्हणजे नवा दात त्या ओढीने सरळ वाढेल. मला पत्र लिहिणं सोपं वाटलं, एवढंच.

दातांचं वेळापत्रक तुम्ही पालक असाल तर पाहिलं असेल, पण त्यातली एक गोष्ट माझ्याही उशिरा लक्षात आली. दुधाचे दात वीस. पुढचे आठ साधारण सहा ते आठ या वयात पडतात. मग बराच काळ काहीच पडत नाही. उरलेले बारा, म्हणजे सुळे आणि दाढा, नऊ-दहाच्या पुढे सुरू होतात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास संपतात. त्या मधल्या खंडात मूल बदलतं. खंडाआधी ज्याच्या उशीखाली तुम्ही पत्र ठेवलेलं असतं, ते पोर खंडानंतर परत येतच नाही. दात शिल्लक असतात, उंदीर संपलेला असतो. आठ दातांची मौज आपण मनातल्या मनात वीस दातांची धरून चालतो. सुळा पडला तेव्हा माझी मुलगी मला म्हणाली होती, "बाबा, पत्र लिहिणार असशील तर लवकर लिही. मला झोपायचंय."

मी हसलो आणि लिहिलं. ती माझ्यासाठी खेळतेय हे मला तेव्हाच कळलं होतं. बायकोने स्पष्ट सांगितलं, "आता पुरे." मी म्हटलं, तिला आवडतंय. माझ्याच त्या वाक्याशी मी अजून भांडतो. तिला आवडत नव्हतं असंही मी मान्य करणार नाही. पत्र वाचताना तिच्या ओठांचा एक कोपरा वर जायचा. ते दयेने असेल, चालेल. दयेनेही लोक खेळतात.

आता शेवटच्या दाढेचं सांगतो. तेच सांगायचं टाळत इथवर आलो.

खालची उजवीकडची दाढ. ती हलतेय हे मुलीने मला सांगितलं नव्हतं. ती एकाच बाजूने चावायला लागली होती, त्यावरून मी ओळखलं. शेवटचा दात, म्हणून मी उंदराचं निरोपाचं पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. वाईट झालं नव्हतं पत्र. मग एका संध्याकाळी तिने मोठी जांभई दिली आणि मला आत खळगा दिसला, त्यातून नव्या दाढेचं पांढरं टोकही वर आलेलं.

"कधी पडली?"

"परवा."

"कुठंय?"

"बेसिनमध्ये पडली. गेली." वहीतून मान वर न करता.

मी "बरं" म्हटलं. सगळे झोपल्यावर बेसिनखाली बादली ठेवली आणि खालचा बॉटल ट्रॅप फिरवून काढला. जड वस्तू असेल तर तिथेच तळाशी अडकते, हे मला एकदा अंगठी पडली होती तेव्हापासून माहीत होतं. काळा चिखल, केसांचा गुंता, टूथपेस्टचं एक झाकण. बादलीत हाताने चाचपून काही लागेना, म्हणून स्वयंपाकघरातली गाळणी आणली. (ती गाळणी मी दुसऱ्या दिवशी फेकून दिली. बायको तिच्याबद्दल अजून विचारते, तेही आजच कबूल करून टाकतो.) तिसऱ्या-चौथ्या गाळपाला जाळीवर टक्क आवाज आला.

मान वर केली तर दारात मुलगी. पाणी प्यायला उठली असेल. किती वेळ उभी होती, माहीत नाही.

"काय करतोयस?"

"तुंबलं होतं."

तिने बादलीकडे पाहिलं, गाळणीकडे पाहिलं. "सापडला?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. हो म्हटलं. तिने हात पुढे केला. "दे."

"धुऊन देतो."

"नको. तसाच दे. माझा दात आहे, बाबा."

दिला. मुठीत घेऊन ती खोलीत गेली, दार लावून घेतलं. त्या दाताचं तिने पुढे काय केलं, ते मी विचारलेलं नाही. सकाळी ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली. दोन-चार दिवस मीच तिच्याशी धड बोलू शकलो नाही. लिहिलेलं पत्र फाडून टाकलं.

तर बेसिनखाली गाळणी घेऊन बसलेल्या त्या माणसाशी मी हुज्जत घालतो. तो म्हणतो, पडलेला दात म्हणजे कापलेलं नख, त्यावर कुणाचा हक्क असतो का? मी विचारतो, नखच आहे तर रात्री गटारात हात कशाला घातलास? मग तो म्हणतो, मौल्यवान होता म्हणून. मी म्हणतो, मौल्यवान होता तर तिचा होता, तुझा कसा? यावर तो गप्प बसतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला हजर.

बायकोचं म्हणणं, तुला तिचं लहानपण धरून ठेवायचंय. हे मला पटत नाही. तसं असतं तर मी झबली ठेवली असती, खेळणी ठेवली असती, चित्रं ठेवली असती. ती सगळी मीच वाटून टाकली, आणि कपाट मोकळं झालं म्हणून खूशही झालो. हजारो फोटो आहेत, उघडून बघत नाही.

दाताचं वेगळं आहे. तिचा पहिला दात पडला तेव्हा तिने तो उलटा करून मला विचारलं होतं, "याला मूळ कुठंय?" मूळ नव्हतंच. खालून येणारा दात जसजसा सरकतो तसतसं जुन्याचं मूळ विरघळत जातं आणि शेवटी वरचं टोपणच तेवढं हातात येतं. आतून रिकामं, शिंपल्यासारखं, कडेला तांबूस रेघ. तो दात तिच्या तोंडात दिसायच्या कितीतरी आधी, ती आईच्या पोटात असतानाच बनायला लागला होता. आणि मूल जन्मतं त्या वेळच्या धक्क्याची एक बारीक रेषा अशा दातांच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण कवचात, कायमची उमटते. दाताचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर दिसते. जन्माआधीचं एका बाजूला, नंतरचं दुसऱ्या बाजूला. मी काही काप घेणार नाही. पण तिच्या जन्माच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो, आणि त्या वेळचं काहीतरी माझ्या कपाटात आहे, हे मला बरं वाटतं. वेडेपणा म्हणा.

दुसरं कारण सांगायला जड जातं. दात हलायला लागला की पोर तुमच्यासमोर येऊन आपणहून आ करतं. "किती हलतोय बघ ना." तुम्ही बोट घालता, दात पुढेमागे करता, ते पोर डोळे मिटून उभं राहतं. दुखणाऱ्या जागी हात लावू देतं. सहा-सात वर्षं हे चालतं आणि मग ते तोंड मिटतं. त्यानंतर दुखतंय काय, हलतंय काय, हे आपल्याला जांभईतून शोधावं लागतं. यात तिची काही चूक नाही. माझीही आहे असं मला वाटत नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. मध्ये तिला विचारलं, डबी तुला देऊ का? म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. पण कुणाला दाखवू नकोस, आणि मोजत बसू नकोस." दाखवत नाही. मोजण्याबद्दल मी शब्द दिलेला नाही.

धाकट्याचं सगळं निराळंच. त्याने पहिल्याच पत्राखाली 'अक्षर बाबांचं' असा शेरा मारून ते मला परत केलं होतं. नंतरचे दात तो स्वतःच्या कंपासपेटीत ठेवायला लागला, त्यातले काही हरवलेसुद्धा, आणि त्याला त्याचं सुखदुःख नाही. त्याच्या दोन दाढा पडायच्या राहिल्यात. त्यातली एक हलायला लागलीय, तो डावीकडून चावतोय. मी त्याला काही विचारलेलं नाही. बायको म्हणते, या वेळी बेसिनला जाळी बसवून घे. पत्र मात्र मी लिहून ठेवलंय.